नऊ हजार गाणे, अन् माह्यं एक नाई

पुनमच्या बाबाले गाण्यातलं काई समजत नाई, हे पह्यलेच सांगून टाकते. नाईतं तुम्ही म्हणसान, बाई नवऱ्याची तारीफ करायले बसली. स्वतः गायले लागले तं गोठ्यातली गाय कान पाडते. कोणतं गाणं कोणं म्हटलं, कोण्या सिनेमातलं, कोण्या सालचं, विचारून पाहा, नुसती मुंडी खाजवतात. अन् अशा माणसापाशी नऊ हजार गाणे हायेत. मी नाई म्हणत, मोबाइल म्हणते.

लटारू त्यायचं नाव. आमचं गाव पोंभुर्ण्याच्या अलीकडं, जंगलाले लागून. चार एकर धानाची शेती, एक जुना ट्रॅक्टर, अन् एक पोरगी पुनम, ती चांद्याले कॉलेजात शिकते. माणूस साधा हाये. दारू नाई, पत्ते नाई, कोणाशी भांडण नाई. एकच नाद. सकाळी उठले का चहाच्या आधी मोबाइल, जेवताना लॅपटॉप, ट्रॅक्टरवर पेन ड्राइव्ह, बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, गेले का तो निळा स्पीकर. कोणतं गाणं कुठी हाये, कुठून कुठी न्यायचं हाये, याच्यातच जीव. म्या एकडाव म्हटलं, "तुम्ही लग्न माह्याशी केलं का मेमरी कार्डाशी?" तं म्हणतात कसे, "कार्ड नंतर आलं ना वं." आता याच्यावर काय बोलावं माणसानं!

हे सुरू झालं रोवणीपासून. पंधरा सालं झाले. आमच्याकडं धानाची रोवणी म्हणजे बारा-पंधरा बायायची टोळी बांधीत उतरते, एका ओळीत वाकते, अन् दिवसभर रोपं चिखलात खोचत मागं मागं सरकते. टोळ्या कमी अन् बांध्या जास्त, म्हून टोळीच्या म्होरक्या बाईले सारा गाव मान देते. आमच्या टोळीच्या म्होरक्या वच्छलाबाई. साठीच्या घरात आल्या, पण एखादीचं रोप वाकडं लागलं तं दहा हातावरून दिसते त्यायले. त्या साली पुनमच्या बाबानं बाजारातून भल्ल्या मोठ्या आवाजाचा मोबाइल आणला होता, दुकानदारानं कार्डात गाणे भरून देल्ले होते. प्लास्टिकच्या पन्नीत बांधून तो बांबूले टांगला अन् बांधीच्या पारीवर, म्हणजे कडेच्या बांधावर, बांबू रोवला. झालं! एकीले हे पाह्यजे, दुसरीले ते पाह्यजे, तिसरी म्हणे बंद करा ते रडकं. रोपायची पेंडी हातात अन् भांडण तोंडात. त्या दिवशी दुपारपर्यंत एक बांधी नाई झाली.

दुसऱ्या दिवशी यायनं फोल्डर बनवून आणले. हरेक बाईचं एक. वच्छलाबाईचं वेगळं, सुकरीचं वेगळं, स्वातीचं वेगळं. जिनं जे मांगतलं ते तिच्यात. अन् नियम असा, का ओळ जशी उभी हाये तशी पाळी चालन. एकीचं एक गाणं झालं का तिच्या बाजूच्या बाईचं. "आता वच्छलाबाईचं!" असं पारीवरून वरडतात अन् लावतात. जिचं गाणं असते तिचा हात तेवढ्यापुरता जरा जोरातच चालते, हे म्या डोळ्यानं पाह्यलेलं हाये. तेव्हापासून वच्छलाबाईची टोळी दरसाल पह्यले आमच्या बांधीत उतरते. ते काई माह्या चहासाठी नाई.

पाहता पाहता फोल्डर टोळीपुरते राह्यले नाई, साऱ्या गावाचे झाले. माणसायनंही मांगतले. आता याच्यातली गंमत पाहा. बांगड्यावालं एक गाणं हाये, ते सतरा जणायनं मांगतलं. तं यायनं ते सतरा फोल्डरात सतरा डाव टाकलं. पुनम म्हणे, "बाबा, एकच ठेवा ना, बाकीच्या जागी नुसती यादी बनवा, जागा वाचन." हे म्हणे, "एका ताटात सतरा जणं जेवतीन का?" अन् गायकाच्या नावाच्या जागी ज्याचं फोल्डर त्याचंच नाव लिहून ठेवलं. खरा गायक कोण हे मालूम असन तं लिहितीन ना! मागच्या उन्हाळ्यात वरोऱ्याले लग्नाले गेलो. भाच्याच्या कारले यायचा मोबाइल जोडला, तं समोरच्या पडद्यावर नाव आलं, वच्छलाबाई. भाचा म्हणे, "मामा, या वच्छलाबाई कोण नवीन निंगाल्या? आवाज भल्ला गोड हाये." हे गंभीर तोंडानं म्हणतात, "आवाज त्यायचा नाई, पण गाणं त्यायचंच हाये."

दर आइतवारी आमच्या ओसरीत गर्दी. गावातले लोक कार्ड घेऊन येतात, अन् हे तांदूळ निवडायले बसल्यासारखे लॅपटॉप मांडीवर घेऊन बसतात. त्या लॅपटॉपचे तीन बटन निंगाले हायेत, तिथी काडीनं टोचा लागते. सुकरीचा डब्बा फोन मराठी अक्षरं वाचत नाई, नावाच्या जागी नुसते चौकोन दाखवते, म्हून तिच्या गाण्यायले आकडे देल्ले. स्वातीचा फोन नवीन जातीच्या फायली वाजवतच नाई, तं तिच्यासाठी त्या जुन्या जातीत बदलून द्या लागतात. ट्रॅक्टरचा टेप तं साऱ्यायहून येडा. पेन ड्राइव्हवर जे आधी टाकलं ते आधी वाजवते, म्हून मधात एक गाणं घुसवायचं असन तं सगळा ड्राइव्ह खाली करून पह्यलेपासून भरा लागते. करतात! बसून करतात, कुरकुर नाई. टोळीतल्या पोरीचं लग्न झालं तं तिले तिच्या फोल्डराचं कार्ड भरून देतात. रिना सिरोंच्याले गेली, सासर तेलुगू बोलणारं. ती आता तिकडून तेलुगू गाणे पाठवते, अन् हे ते मांगन त्याले देतात. एक शब्द कोणाले समजत नाई.

फक्त एक गोष्ट हे करत नाई. न मांगता कोणाच्या नावावर गाणं टाकत नाई. एकडाव टाकलं होतं. मुखरूभाऊ म्हून आमचे शेजारी हायेत, त्यायच्या फोल्डरात आपल्या मनानं एक गाणं घातलं, चाल बरी वाटली म्हून. ते निंगालं बायकोले भेणाऱ्या नवऱ्याचं. ऐन पोळ्याच्या दिवशी चौकात वाजलं, अन् मुखरूभाऊची बायको बाजूलेच उभी. मुखरूभाऊ दोन महिने बोल्ले नाई. तेव्हापासून यायनं कान धरला. "मांगन त्यालेच देईन. माणसाच्या मनात काय हाये ते मले काय मालूम?"

आता माह्यी गोष्ट ऐका. साठ-पासष्ट फोल्डर हायेत, अक्षराच्या क्रमानं. मुखरू हाये, त्याच्या खाली रिना हाये. त्या दोघायच्या मधात रंजीता पाह्यजे होती. नाई. रंजीता म्हणजे मी, बायको, घरची. मीही त्याच ओळीत वाकते. एका बाजूले वच्छलाबाई, दुसऱ्या बाजूले सुकरी. वच्छलाबाईचं गाणं झालं का "आता सुकरीचं!" माह्यावरून उडी. पंधरा साल झाले, उडीच चालू हाये. मले वाईट वाटे, खोटं कायले बोलू? भल्लं वाईट वाटे. नियम मालूम होता, मांगन तं भेटन. पण मी काऊन मांगू? साऱ्या गावाले देऊन राह्यला बावा, तं घरच्या बाईले एक डाव विचारून तं पाह्य! अशी आमची रस्सीखेच. अन् यायले मालूमही नव्हतं, का आपल्या हातात रस्सीचं एक टोक हाये म्हून.

आता यंदाचं सांगते. दुसऱ्या दिवशी टोळी आमच्या बांधीत उतरणार होती. हे सकाळीच ट्रॅक्टर घेऊन चिखल करायले गेले, मोबाइल घरी चार्जिंगले लावून. मी चुलीपाशी कढी करून राह्यली होती. पुनमनं चांद्याहून फोटो पाठवले, ते उघडतच नाई. जागा नाई, म्हणे मोबाइल. मंग मोबाइलनंच विचारलं, साफ करू का? दाबलं. तं ही लांब यादी आली. पाच हजार आठशे फायली एकासारख्या एक हायेत, काढून टाकू का? पाह्यलं तं बांगड्यावालं, बांगड्यावालं, बांगड्यावालं. विहिरीवालं अकरा डाव. म्या मनात म्हटलं, पाहा! एकेकीले तेच ते वाढून ठेवलं, अन् मले रिकामी वाटीही नाई.

अन् खरं सांगू? हेही मनात आलं, का एवढं साफ केलं तं जागा होईन. जागा झाली तं कोणाले सुचन तरी, का इथी रंजीताचं काईतरी बसू शकते. दाबलं. मोबाइल म्हणे, कचऱ्याची टोपलीही खाली करू का? म्हटलं, कर बावा, घाण कायले ठेवतं! कढीले उकळी यायच्या आत पाच हजार आठशे गाणे गेले. फोटो उघडले. पुनमनं नवा ड्रेस घेतला होता, बरा दिसत होता.

मले वाटलं, मोबाइलमधून गेले तं गेले, लॅपटॉपात सगळे असतीनच. पण पुनमनं सुट्टीत येऊन बाबाले एक सोय करून देल्ली होती. रोज संध्याकाळी मोबाइल अन् लॅपटॉप एकमेकाले जुळवायचे, म्हणजे इकडं टाकलेलं आपोआप तिकडं जाते. संध्याकाळी हे आले, हातपाय धुतले, जुळवायले बसले. म्हणे, "आज भल्लं लवकर झालं वं." म्या भात वाढता वाढता सहज विचारलं, "लॅपटॉपात तं सगळं हाये ना?" हे म्हणे, "हाये ना. जसं मोबाइलात तसंच लॅपटॉपात. एक फाइल इकडची तिकडं नाई. इकडून काढली का तिकडूनही जाते, एवढं पक्कं करून देल्लं पोरीनं." माह्या हातातला भाताचा चमचा तसाच राह्यला. मायबाई गं! तेव्हाच सांगायचं होतं, नाई सांगतलं. म्हटलं, उद्याची रोवणी निंगू द्या, मंग पाहू. खुशीत जेवून राह्यलेल्या माणसाले कसं सांगावं?

सकाळी नऊले टोळी उतरली. माह्यासकट चौदा बाया. बांबूले निळा स्पीकर टांगला, हे पारीवर छत्री घेऊन बसले, मोबाइल पन्नीत. मी वच्छलाबाई अन् सुकरीच्या मधात. "आता वच्छलाबाईचं!" अन् लागलं.

आवो, काय लागलं! पोट्ट्यायच्या वरातीत वाजते तसलं, ढिंचॅक ढिंचॅक, अन् मधात एक बाई "हाय हाय" करून राह्यली. साऱ्या मुंड्या एकदम वर. वच्छलाबाई म्हणजे कोणाचा पदर सरकला तं टोकणारी बाई. त्या मान वर न करता चिखलाकडंच पाहत होत्या, कानापर्यंत लाल. "काय पाहून राह्यल्या? कधी गाणं नाई ऐकलं का? रोवा!"

मले चटकन समजलं. ज्या गाण्याच्या जोड्या होत्या ते गेले. मांगं राह्यले ते फक्त असे, जे एकटीलेच आवडतात. आइतवारी साऱ्या बाया गेल्यावर हळूच मांगून घेतलेले. अन् संगंच सांगून ठेवलं असन, लटारू, हे घरी ऐकासाठी हाये, बांधीत नोको लावू बरं. आता फोल्डरात दुसरं उरलंच नाई तं तेच वाजन, दुसरं काय होईन?

"आता सुकरीचं!" माह्यावरून उडी मारून सुकरीचं लागलं. सुकरी गोंडटोल्यावरची, दिवसभर खिदळणारी बाई. तिचं निंगालं रिनानं पाठवलेलं तेलुगू. कोणीतरी माणूस गळा काढून रडत होता. अन् आमची सुकरी रोप हातात धरून उभी, डोळ्यात पाणी. वच्छलाबाईनं विचारलं, "काय म्हणून राह्यला वो तो?" सुकरी म्हणे, "मले काय मालूम? पण बिचाऱ्याले भल्लं दुःख हाये." मंग स्वातीची पाळी. ती अंगणवाडीत मदतनीस हाये, रोवणीपुरती सुट्टी काढून येते. तिचं लागलं ए बी सी डी. लहान लेकरायचं. बाया हसून हसून चिखलात बसायच्या बाकी राह्यल्या. स्वाती तणतणली, "शिकून राह्यली मी! काय झालं त्याले?"

हसण्यावारी गेलं असतं. पण मंग आली चंचलची पाळी. चंचल म्हणजे गावातली सगळ्यात नवीन सून, आमच्या टोळीत पह्यलीच रोवणी, अजून कोणाच्या नजरेले नजर देत नाई. तिचं नाव यादीत साऱ्यात वर. मोबाइलनं हरेक गाण्याचा एकेक नग ठेवला, अन् तो ठेवला, ज्यायच्यात ते होतं त्यायच्यातल्या वरून पह्यल्या फोल्डरात. म्हणजे चंचलच्या. हे वरडले, "आता चंचलचं!" अन् लागलं बांगड्यावालं.

वच्छलाबाई सरळ उभ्या राह्यल्या. आधीच त्या ढिंचॅकनं जीव तळमळून राह्यला होता. "थांब रे लटारू! बांगड्यावालं माह्यं हाये. माह्या पाळीले काऊन नाई लागलं?"

हे पन्नीतून बोट फिरवत राह्यले. "वच्छलाबाई, तुमच्यात नाईच दिसत जी. चंचलमध्ये हाये."

"अन् विहिरीवालं?"

"तेही चंचलमध्येच."

"अन् पैंजणवालं?"

यायचं नुसतं वर-खाली, वर-खाली बोट चालू होतं.

"वा वा! काल आली अन् साऱ्या गावाचे गाणे घेऊन बसली!" वच्छलाबाईले कोणावर तरी ओतायचंच होतं. "चला वो, मुखरूच्या बांधीत जाऊ. तिथी गाणेच नाई, म्हणजे चोरीही नाई." दोघीजणी तं खरंच पारीवर चढल्या. चंचलच्या डोळ्यातून टपटप पाणी. "म्या काई नाई केलं मावशी. म्या तं मोजून वीस गाणे मांगतले होते." अन् पुनमच्या बाबाचं तोंड तं पाहवतच नव्हतं. यात्रेत लेकराचं बोट सुटल्यावर बापाचं होते तसं.

मुखरूभाऊच्या बांधीत गेल्या असत्या टोळी घेऊन तं रोपं जून होऊन गेले असते, तो हिशेब होताच. पण त्या पोरीचं रडणं मले सहन नाई झालं. नवी सून, पह्यला दिवस, अन् पाप माह्यं.

"म्या काढले!" म्हटलं.

"काय काढलं?" वच्छलाबाई.

"गाणे. पाच हजार आठशे. काल. कढी करता करता."

कोणी हसलं नाई. हे छत्रीखालून माह्याकडं पाहत राह्यले. वरडले असते तं बरं झालं असतं, भांडणात मी कोणाले हार जात नाई. पण हळूच विचारलं, "काऊन वं?"

"जागा करून राह्यली होती."

"कोणाची?"

"माह्यी!" असं वरडली मी, का बाजूच्या बांधीतले बगळे उडाले. "पंधरा सालापासून माह्यावरून उड्या मारून राह्यले तुम्ही! वच्छलाबाईचं झालं का सुकरीचं, सुकरीचं झालं का स्वातीचं. अन् मी? मी काय बांधीतलं बुजगावणं हाये? मुखरूभाऊचं फोल्डर हाये, सिरोंच्याले गेली त्या रिनाचं हाये, अन् जिच्या हातचं दोन टाइम जेवता तिचं नाई!"

पारीवर चढलेल्या दोघीजणी परत खाली उतरल्या. असा तमाशा सोडून कोण जाते? वच्छलाबाई बोटावर काईतरी मोजून राह्यल्या होत्या. मंग म्हणे, "खरंच वो. रंजीताचं म्या एकही नाई ऐकलं. मले वाटे, घरी ऐकत असन." अन् चंचलच्या पाठीवर हात ठेवला.

यायनं स्पीकर बंद केला. पॅन्ट वर न करताच चिखलात उतरले, छत्री तशीच डोकशावर. माह्यासमोर येऊन उभे राह्यले.

"तू मांगतलं नाई वं."

"तुम्ही विचारलं नाई."

"हं," म्हणे. मंग म्हणे, "ते तं खरं हाये. चुकलंच. आता विचारतो. सांग, कोणतं लावू?"

अन् इथी माह्यी फजिती झाली. तेरा बाया अन् एक नवरा, सगळे माह्या तोंडाकडं पाहून राह्यले, अन् मले एक गाणं आठवन तं शपथ! बांगड्यावालं मनात आलं, ते वच्छलाबाईचं. विहिरीवालं सुकरीचं. एक चाल गुणगुणून पाह्यली तं स्वाती म्हणे, "ते माह्यं हाये जी." जे जे तोंडात होतं ते कोण्या ना कोण्या बाईचं. बाया सुचवायले लागल्या. लग्नातलं घे, देवीचं घे, जुनं घे. वच्छलाबाई खेकसल्या, "चूप वो! तिले सांगू द्या." मी काय सांगू? पंधरा साल म्या रुसवा जपून ठेवला, अन् गाणं ठेवायचं राह्यूनच गेलं. मले हसूही आलं, रडूही आलं, दोन्ही संगंच.

अशी उभी असतानाच मले समजलं, का काईतरी वेगळं हाये. स्पीकर बंद होता. पंधरा साल झाले, घरात म्हणा का बांधीत म्हणा, चहापासून झोपेपर्यंत या माणसाचं काईतरी वाजतच असते. माह्या कानाले घडीभर सुट्टी नाई. आता पारीच्या कापातून पाणी वरच्या बांधीतून खालच्या बांधीत जाऊन राह्यलं होतं, त्याचा आवाज येत होता. दूर कोणाचा तरी ट्रॅक्टर. कोणीतरी चिखलातून पाय काढला, त्याचा पचक आवाज. मले ते एवढं बरं वाटलं, एवढं बरं वाटलं, काय सांगू!

"मले हे पाह्यजे," म्हटलं.

"हे कोणतं?"

"हे. आता जे चालू हाये ते. माह्या पाळीले काईच नोका लावू. तो डब्बा चूप, अन् तुम्हीही चूप."

बाया खो खो हसल्या. सुकरी म्हणे, "नऊ हजार गाणेवाल्याच्या बायकोले गाणंच नोको!" पण हे हसले नाई. यायची ती एक गोष्ट हाये, कोणी काईही मांगो, हसत नाई. डोकं खाजवत उभे राह्यले. म्हणे, "फोल्डर खाली ठेवलं तं मोबाइल त्याले धरत नाई वं. सोडून पुढं जाते. पुन्हा तुह्यावरून उडी. काईतरी फाइल पाह्यजे त्याच्यात." मंग डोळे चमकले. पन्नीतून मोबाइल काढला, पुसला. "किती मिनटाचं पाह्यजे?"

"वच्छलाबाईचं किती मिनटाचं हाये?"

"चार."

"मंग मले पाच."

यायनं मोबाइल ओळीच्या मधात, चिखलाच्या हातभर वर धरला, अन् रेकॉर्डिंग चालू केलं. "रोवा. पण कोणी बोलू नोका." चौदा बाया वाकल्या. ही टोळी पाच मिनट चूप बसली, असं या तालुक्यात पह्यल्यांदाच झालं असन. नुसता हाताचा अन् चिखलाचा आवाज. तिसऱ्या मिनटाले सुकरीले हसू फुटलं, ते तिनं नाकातून काढलं. वच्छलाबाई तिच्यावर "चूप!" म्हणून एवढ्या जोरात वरडल्या, का सुकरीच्या हसण्याहून तेच मोठं झालं. सगळं आलं त्याच्यात.

रोवणी चार दिवसात झाली, टोळी कुठी गेली नाई. गेलेल्या गाण्यायसाठी हे घरोघरी फिरले, साऱ्यायचे कार्ड जमा करून आणले, अन् बरेचसे परत भरले. बांगड्यावालं पंधरा कार्डात सापडलं. पुनमनं फोनवरून आम्हा दोघायलेही बोलून घेतलं, अन् एक वेगळी डिस्क घ्यायले लावली, जी कशाशीच जुळवायची नाई. ती मी तांदळाच्या कोठीत ठेवली हाये. वच्छलाबाईचं ढिंचॅक आता बांधीत उघड वाजते. त्यायनं स्वतःच सांगतलं, आता लपवून काय फायदा!

अन् माह्यी पाळी येते. "आता रंजीताचं!" असं वरडतात, अन् स्पीकरमधून पाणी, चिखल, सुकरीचं नाक, वच्छलाबाईचं चूप. पाच मिनट कोणी बोलत नाई. शेवटी रेकॉर्डिंगमधलाच यायचा आवाज येते अन् माह्या. ते दोन शब्द कापून टाका, म्हटलं मी दहा डाव, तं कापत नाईत. हे विचारतात, "झालं का वं?"

अन् मी म्हणते, "थांबा ना जी. अजून थोडं."